दोन खजूर आणि न खाल्लेला गूळ

लासुर्ण्याच्या सावळाराम गुळव्याला साखर झाली, ही बातमी ऐकून गाव आधी हसलं आणि मग गप्प झालं. हसलं अशासाठी, की ज्या माणसानं तीस वर्षं काहिलीपुढं उभं राहून दुनियेचं तोंड गोड केलं, त्याच्याच रक्तात देवानं साखर ओतली. म्हणजे देवालाही थट्टेची हौस म्हणायची. आणि गप्प झालं अशासाठी, की सावळातात्या बसला घरी, तर गूळ करायचा कुणी?

गुऱ्हाळात ऊस गाळणारे असतात, चुलवाणात चिपाडं ढकलणारे असतात, ढेपा उचलणारे असतात. पण उकळता रस काहिलीतून नेमका कधी उतरवायचा, हे सांगणारा एकच, तो गुळव्या. दोन पळं आधी उतरवला तर गूळ घट्ट होत नाही, काकवी होऊन वाहत जातो. दोन पळं उशीर झाला तर काळा दगड, कुत्रंही हुंगत नाही. सावळारामाचा हात असा, की त्याची ढेप फोडली की आतून कणी दिसायची आणि रंग कसा, तर नव्या नवरीच्या अंगावरच्या हळदीसारखा. इंदापूरच्या बाजारात लोक ढेपेला विचारायचे, "सावळारामाची हाय का?" जणू ढेपेला बाप असतो.

आता हा माणूस काही गुळव्याच्या घरात जन्मला नव्हता. त्याचा बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा, पावसाळ्याला परत यायचा. पण कॅनॉलचं पाणी आलं, पाण्यामागनं ऊस आला, आणि उसानं चराऊ रानं गिळली. मेंढरानं उसात तोंड घातलं की भांडण, नाही घातलं की उपास. शेवटी बापानं कळप विकला आणि सावळाराम गुऱ्हाळावर जाळ घालायला लागला. तिथं कऱ्हाडकडचा एक म्हातारा गुळव्या यायचा, फार तिरसट. कुणाला काही शिकवायचा नाही. सावळारामानं त्याच्याकडून सगळं नुसतं बघून उचललं. शंभर मेंढरांतून आजारी मेंढरू एका नजरेत ओळखणाऱ्याचा पोरगा तो, त्याला उकळत्या रसाचा रंग ओळखायला कितीसा वेळ लागणार?

त्याची रीत ठरलेली. रस पिवळ्याचा तांबूस व्हायला लागला, की फावड्याच्या टोकानं थेंबभर पाक पाण्याच्या वाडग्यात सोडायचा. बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे. क्षणभर सगळं गुऱ्हाळ श्वास धरून उभं. मग तो म्हणायचा, "उतरवा." बास. तीस वर्षं ह्या एका शब्दावर त्याचं घर चाललं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि सावळाराम जाळ घालणाऱ्या भीमावर सारखा खेकसायला लागला. "भीमा, वली चिपाडं घालतुयास व्हय रं? किती धूर केलाय!"

भीमा म्हणजे मुलखाचा अबोल माणूस, दिवसातून चार शब्द बोलायचा, तेही चिपाडांशी. तो वर बघायचा, खाली बघायचा, पुन्हा चिपाडं ढकलायचा. आठ दिवस ऐकून घेतल्यावर मात्र म्हणाला, "तात्या, धूर न्हाय. आभाळ निर्मळ हाय."

धूर सावळारामाच्या डोळ्यात होता.

बायकोनं, जयवंतानं, त्याला एसटीत घालून बारामतीला नेलं. इंद्रजित डॉक्टर वयानं तरणा, पण बोलायला मोठा गोड. त्यानं डोळ्यात बॅटरी मारली, मग बोटातनं रक्त काढायला लावलं, आणि कागद हातात आल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"तात्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डावाही त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन करायला हवं. पण तुमची साखर आहे दोनशे शहाऐंशी. एवढ्या साखरेत डोळ्याला हात लावला तर जखम भरणार नाही, पू होईल. ती दीडशेच्या खाली आणा, लगेच ऑपरेशन करतो."

"आन् न्हाय आली तर?" जयवंतानं विचारलं.

"शिमग्यापर्यंत आणायचीच. मोतीबिंदू फार पिकला की आतल्या आत गळायला लागतो. मग डोळाच हातचा जाईल."

 परतीच्या एसटीत सावळाराम खिडकीला डोकं लावून बसला. बाहेर ऊस होता की आभाळ, त्याला एकच दिसत होतं. बाकीच्यांचा डोळा गेला तर ते काठी घेऊन देवळात जाऊन बसतात. गुळव्याचा डोळा गेला म्हणजे गुळव्याच गेला.

घरी आल्यावर जयवंतानं पदर खोचला. साखरेचा डबा माळ्यावर गेला, गूळ शेजारी गेला. डॉक्टरच्या गोळ्या तिनं देव्हाऱ्यात ठेवल्या, म्हणजे विसरायला नको. बिनसाखरेचा चहा सावळारामानं पहिल्यांदा तोंडाला लावला, तेव्हा त्याचं तोंड असं झालं की दारातली शेळी उठून उभी राहिली.

"ह्यो च्या हाय का कातडं धुतल्यालं पाणी?"

"शिमग्यापत्तूर ह्योच. मग बगा काय ती चैन करा."

पण माणूस खंगायला लागला. भाकरी खायची, गोळी गिळायची, गुऱ्हाळावर जायचं, यायचं. तोंडाला चव नाही म्हणून बोलण्यालाही चव नाही. जयवंताला वाटे, साखर उतरेल तेव्हा उतरेल, पण हा माणूस आधीच उतरून चाललाय.

महिन्यानं इंदापूरच्या आठवडी बाजाराला दोघं गेले. रमजान सुरू झालेला. दस्तगीर बागवानाच्या गाड्यावर पेरू आणि बोरं मागं सरकलेली आणि पुढं खजुराचे डोंगर. काळे, तांबडे, चकाकणारे. सावळारामाला खजूर नीट दिसला नाही, पण वास बरोबर आला. तो गाड्यापुढं थांबला तो थांबलाच.

दस्तगीर आणि त्याची ओळख जुनी. "या तात्या! तोंड का असं? कुनी मेलं बिलं का काय?"

"मीच मेलोय म्हन. साखर झालीया."

दस्तगीरनं जीभ चावली. "आमच्या अम्मीला हुती की. बारा वर्सं. रोजा सोडाया दोन खजूर, वर मूठभर शेंगदाणं. बास, तेवढ्यावर खुश. तिच्या डॉक्टरनंच परवानगी दिल्याली."

सावळारामाचा चेहरा असा उजळला, जसा काही पुनवेचा चांद. "म्हंजी खजूर साखरेवर आवशद हाय?"

"तसं म्या न्हाय म्हनलं," दस्तगीर घाईनं म्हणाला. "म्या फळवाला हाय, डॉक्टर न्हाय. सोताच्या डॉक्टरला इचारा. पयलं इचारा, मग खा." आणि चांगलं गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यानं खजुराचं पोतं चक्क झाकून घेतलं. असे दुकानदार आता शोधून सापडत नाहीत.

पुढच्या फेरीला साखर निघाली दोनशे बासष्ट. उतरली होती, पण गोगलगायीच्या चालीनं. डॉक्टरनं नुसती मान हलवली. सावळारामानं मात्र हात जोडले.

"डॉक्टर, एक इचारू? खजूर खाल्लं तर चालंल का वो?"

"खजूर म्हणजे काही कडुलिंब नाही, तात्या. त्यात साखर आहेच."

"पर दस्तगीरच्या आईला—"

"ऐका तर." डॉक्टर हसला. "त्यात चोथाही असतो. म्हणून त्याची साखर गुळासारखी सरसर चढत नाही, जरा दमानं चढते. औषध म्हणून नाही, पण तोंड गोड करायला म्हणून खायचा असेल तर दिवसाला दोन. जेवण झाल्यावर, उपाशी पोटी नाही. वर थोडे शेंगदाणे. आणि ज्या दिवशी खजूर, त्या दिवशी अर्धी भाकरी कमी. गोळ्या चुकवायच्या नाहीत. पुढच्या तपासणीत आकडा चढला तर खजूर बंद."

"तीन न्हाय का? तीन कसं शुभ असतंया."

"दोन."

त्या दिवसापासून सावळारामाच्या आयुष्यात दोन खजूर आले आणि माणसात जीव आला. दुपारचं जेवण झालं की गुऱ्हाळाच्या सावलीत मांडी घालून बसायचा. एक खजूर घ्यायचा, त्याची साल दातानं हळूच सोडवायचा, मग गर, मग बी चघळत अर्धा तास. मग दुसरा. दोन खजूर खायला त्याला जेवणापेक्षा जास्त वेळ लागायचा. आणि बिया टाकायचा नाही. पटक्याच्या टोकात बांधून ठेवायचा.

"बिया कशाला राखताय?" जयवंतानं विचारलं. "वटी भरायची हाय का कुनाची?"

"डॉक्टरला दावाया. लबाडी न्हाय केली म्हनून. दोन म्हंजी दोन."

मेंढपाळाच्या घरची ही जुनी खोड. कळपात किती गेली, किती आली, हे खडे मोजून ठेवायची. सावळारामानं खजूरही तसेच राखले.

पुढच्या तपासणीला जाताना पटक्याच्या टोकात त्रेचाळीस बिया होत्या. एक खजूर एके दिवशी चिखलात पडला होता, त्याचाही हिशेब त्यानं डॉक्टरपुढं मांडला. डॉक्टरच्या टेबलावर बियांचा ढीग बघून कंपाउंडर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. पण कागद आला आणि हसू मावळलं. दोनशे अठ्ठावन्न.

"तात्या, हे काही उतरण्यासारखं उतरलं नाही. खजूर बंद."

"पर बिया—"

"बिया बरोबर आहेत हो. पण आता जोखीम नको. शिमगा जवळ आलाय. पंधरा दिवस खजूर बंद करून बघू."

सावळारामानं बिया गोळा केल्या आणि पुन्हा पटक्यात बांधल्या. डॉक्टरचंही बरोबर होतं. संशय घ्यायचा तर घ्यायचा कुणावर? घरात गोड म्हणून तेवढे दोन खजूरच उरले होते. परतीच्या वाटेवर जयवंता बडबडत राहिली. खजुराला शिव्या दिल्या, दस्तगीरला दिल्या, दस्तगीरच्या वारलेल्या आईलाही सोडलं नाही.

पंधरा दिवस खजूर बंद. पुन्हा तेच तोंड, पुन्हा तोच कातड्याच्या पाण्याचा चहा. आणि पुन्हा बारामती. दोनशे चौसष्ट.

उतरायची सोडून चढली होती! खजूर बंद करून!

डॉक्टर कागदाकडं बघत राहिला. "म्हणजे खजुराचा दोष नव्हता," तो हळूच म्हणाला. "दुसरीकडून कुठून तरी गोड जातंय पोटात. तात्या, खरं सांगा. काय खाता?"

"डॉक्टर, बिरोबाची आन. गोडाचा कण न्हाय."

सावळाराम बिरोबाची खोटी शपथ घेणाऱ्यातला नव्हता, हे जयवंताला माहीत होतं. चाळीस वर्षांत त्यानं तिला न विचारता फार तर तंबाखू खाल्ली असेल. पण आकडाही खोटं बोलत नव्हता. शिमग्याला उरला होता सव्वा महिना. नवऱ्याचा डोळा आणि नवऱ्याचा शब्द, दोन्ही खरे ठरायचे तर मध्ये काहीतरी दडलं होतं. आणि दडलेलं शोधण्यात जयवंता मोठी पटाईत. एकदा हरवलेली शेळी तिनं सुप्याच्या बाजारातून शोधून आणली होती, तीही दुसऱ्याच्या दाव्याला बांधलेली.

"उद्यापासनं," ती एसटीतच म्हणाली, "तुमच्या तोंडात काय जातंया त्ये मी बगणार. सकाळपासनं दिस मावळंपत्तूर."

"बग की! मला भ्या हाय का कुनाचं?"

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबरच गुऱ्हाळावर गेली. चिपाडांच्या ढिगाला टेकून बसली आणि पुढ्यात खड्यांची रास करून ठेवली. सासऱ्याकडून शिकलेली रीत ती, मेंढरं वाड्यात शिरताना मोजायची. तोंडात काही गेलं की एक खडा ओटीत. गुऱ्हाळाचे मालक सोपानराव म्हणाले, "वहिनी, गूळ कराया आलाय का राखण कराया?" ती म्हणाली, "राखणच. मेंढरू द्वाड हाय."

पहिली काहील चढली. रस उकळायला लागला, मळी वर आली, भीमानं जाळ वाढवला. सावळाराम फावडं घेऊन काठावर उभा. थेंब पाण्यात, गोळी बोटात, बोट तोंडात. एक खडा. थोड्या वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा गोळी, पुन्हा तोंड. दुसरा खडा. रंग दिसत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा चाखत होता. पूर्वी एका काहिलीला एकदा चाखणारा माणूस, आता नऊ-नऊ, दहा-दहा वेळा. त्यातून फावड्यावरची काकवी बोटानं पुसली की बोट तोंडात. वाफ्यातला गूळ निवायला लागला की कडेचा तुकडा मोडून तोंडात, कणी धरली का बघायला. कुणी गिऱ्हाईक आलं की आधी आपल्या तोंडात, मग त्याच्या हातात, "चाखा, बगा कसा झालाय!"

दुपार झाली. सावळाराम भाकरी खायला बसला आणि म्हणाला, "काय गं? झाली का राखण? घावलं का काय?"

जयवंता त्याच्यापुढं बसली आणि ओटी त्याच्या पंच्यावर रिकामी केली. खड्यांचा हा ढीग!

"ह्ये काय?"

"तुमचं न खाल्लेलं. दोन कायलीचं. एकुनचाळीस."

सावळारामानं खड्यांवर हात फिरवला. खरंच त्याला कळेना. "आगं, त्ये खाणं न्हवं. त्ये काम हाय!"

"पोटाला काय ठावं, काम कंचं आन् खाणं कंचं? त्याला पाटी लावून धाडता व्हय, ह्यो गूळ कामाचा हाय, ह्याला साखर म्हनू नगा?"

चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला भीमा अचानक बोलला. त्या दिवसाचे त्याचे शब्द त्यानं एकदमच खर्च केले. "तीन महिनं बगतुया मी. म्हनलं, डॉक्टरनं गूळ खाया सांगितला आसंल."

"मुडद्या, मग तोंड का न्हाय उघडलंस?" जयवंता ओरडली.

"कुनी इचारलं न्हाय," भीमा म्हणाला आणि चिपाडं ढकलायला लागला.

सावळारामानं हातातला भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. त्याला शपथेचं वाईट वाटत होतं. बिरोबापुढं खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. तीस वर्षं त्यानं जीभ म्हणजे फावड्यासारखं, काहिलीसारखं एक अवजार मानलं होतं. अवजार जेवतं असं कुणाच्या मनात येईल?

दुसऱ्या दिवशी त्यानं तोंडाला पंचा बांधला. हात आपोआप तोंडाकडं जायचा आणि पंच्यावर आपटून परत यायचा. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "दात काढला का तात्या?" पहिली काहील उतरवताना त्यानं अंदाज धरला, आणि उशीर झाला. वाफ्यात पडला तो कोळशाचा भाऊ. सोपानराव भला माणूस, रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "असूं द्या तात्या, ह्यो बैलास्नी घालू." त्या 'असूं द्या'नं सावळारामाला जे लागलं, ते शिवीनं लागलं नसतं.

घरी येऊन तो भिंतीकडं तोंड करून बसला. "मी न्हाय जात उद्यापासनं. चाखल्याबिगर जमत न्हाय, चाखलं तर डोळा जातुया. बसतो घरीच."

"डोळा गेल्यावर बसायचंच हाय," जयवंता म्हणाली. "आत्तापासनं कशाला सराव करताय?" आणि थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "तुमास्नी कायलीत काय बगायचं असतंया? रंगच ना? माजं डोळं काय भाड्यानं दिल्यात?"

तसं गुऱ्हाळावर बाईनं काहिलीजवळ उभं राहायची रीत नव्हती. बायका ऊस आणायच्या, चिपाडं वाळवायच्या, पण काहिलीचा काठ पुरुषांचा. जयवंता दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावरून घेऊन, चांगला खोचून, सरळ काठावर जाऊन उभी राहिली. सोपानरावांनी काही म्हणायच्या आधीच म्हणाली, "काल बैलास्नी घातला ना? मग आज जरा हूं द्या बाईच्या हातचा."

"सांग रंग," सावळाराम पंच्याआडून म्हणाला.

"पिवळा हाय."

"पिवळा म्हंजी कसला? हळदीचा का जुंधळ्याचा?"

"दात न आलेल्या लेकराच्या हगवणीवाणी."

भीमा खाली चुलवाणाशी एवढा हसला, की चिपाड त्याच्याच हातात पेटलं. सावळाराम मात्र हसला नाही. त्याला तो रंग अगदी स्पष्ट दिसला. "मग अजून येळ हाय. जाळ ऱ्हाऊं दे."

थोड्या वेळानं, "आता?"

"आता तुपाच्या बेरीवाणी."

"आता?"

"कांद्याची साल."

"आतली का भायरली?"

"भायरली. उन्हात वाळल्याली."

सावळारामानं थेंब पाण्यात सोडला, गोळी वळली आणि तोंडात टाकायच्या ऐवजी पत्र्याच्या घमेल्यावर मारली. टण्ण! त्यानं कान टवकारले. कऱ्हाडचा तो तिरसट म्हातारा कधी कधी असं करायचा, हे त्याला इतक्या वर्षांनी आठवलं. जिभेनं चोख काम दिल्यावर कानाला कोण विचारतो?

"उतरवा!"

वाफ्यात गूळ निवला. सोपानरावांनी तुकडा मोडला, चाखला आणि लगेच दुसरा तुकडा मोडला. जयवंतानं तो हातातून काढून घेऊन स्वतःच्या तोंडात टाकला, म्हणजे तो सावळारामाकडं जायला नको.

मग हंगामाचे उरलेले दिवस गुऱ्हाळाला दोन गुळवे. एकाचे डोळे, एकाचे कान. जयवंताचे रंग असे असे, की ऐकायला लोक येऊन बसायचे. मेंढीच्या नवजात कोकराचा रंग, पावसाळ्यात वाहणाऱ्या नीरेचा रंग, आणि एकदा चिडून, "तुमच्या थोरल्या भनीच्या दातांचा."

डॉक्टरला सगळं सांगितलं. तो इतका हसला, की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. "हे माझ्या पुस्तकात नव्हतं हो," तो म्हणाला. "आता खजूर पुन्हा सुरू करा. दोनच. आणि चाखणं बंद म्हणजे बंद." दोन आठवड्यांनी साखर एकशे एक्याण्णव. आणि शिमग्याला आठ दिवस असताना, एकशे अडतीस.

पण गाव म्हणजे गाव. लोकांनी काय पाहिलं? तात्या दुपारी सावलीत बसून खजूर खातो, आणि तात्याची साखर उतरली. झालं! दस्तगीरच्या गाड्यापुढं रांग लागली. शेजारच्या रंगूबाईलाही साखर होती, तिनं किलोभर खजूर आणला आणि बसली खात, जसे काही शेंगदाणेच. सावळारामाला कळलं तसा तो भिंत चाचपत तिच्या दारात गेला.

"रंगूकाकी, ठेव त्यो खजूर खाली."

"का रं बाबा? तू खाल्लास तर आवशद, म्या खाल्ला तर इख व्हय?"

"काकी, खजूर खाल्लं म्हनून न्हाय उतरली. खजूर खाऊन बी उतरली."

"दोन्ही येकच की."

"न्हाय गं. तोंड बांधून गूळ केला, गोळ्या गिळल्या, भाकरी अर्धी केली. खजूर आपला जिवाला जीव द्यायला. तुज्या डॉक्टरला इचार, तुला किती चालत्यात. एखाद्याला येक बी चालत नसंल."

रंगूबाई पुटपुटली, पण खजुराची पिशवी खुंटीला गेली. आणि दस्तगीरनं गाड्यावर पाटी लावली, 'साखरेच्या माणसांनी डॉक्टरला विचारून न्यावे.' विक्री घटली त्याची. पण तो म्हणाला, अम्मी असती तर तिनंही हेच लावलं असतं.

ऑपरेशन बारामतीत झालं, शिमग्याच्या चार दिवस आधी. सावळाराम हिरव्या कापडाखाली पडला होता तेवढा वेळ जयवंता बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. कुणी विचारलं तर सांगायची, "काय न्हाय, जरा टेकलेय." तिनं त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पट्टी सोडायला आला. घाईत होता, आपला चहाचा काचेचा पेला हातातच घेऊन आला आणि खिडकीत ठेवला. पट्टी सुटली. सावळारामानं डोळा उघडला, मिटला, पाणी आलं, परत उघडला.

"तात्या, किती बोटं?" डॉक्टरनं हात पुढं केला.

सावळाराम बोटांकडं बघतच नव्हता. तो खिडकीकडं बघत होता. उन्हात ठेवलेल्या त्या पेल्याकडं. जयवंता पुढं सरकली. "अवो, बोटं बगा ना! किती हायत?"

"डॉक्टर," सावळाराम सावकाश म्हणाला, "ह्यो च्या फुडं गेलाय. दोन पळं आदीच उतरवाया पायजे हुता."

डॉक्टरनं पेला उचलून उजेडात धरला. बघितला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खरंच की हो!"

"परक्याच्या च्यात डोकं घालू नगा," जयवंता खेकसली, आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. पदराचं टोक तिनं एकदा डाव्या डोळ्याला लावलं, एकदा उजव्या. तिला वाटलं, कुणाला दिसलं नाही. पण आता सावळारामाला एक डोळा होता.